माझा अनुभव: शिंद्यांची फौज आर्मी बिल्डरमध्ये बसवताना

टेबलटॉप वॉरगेम (टेबलवर छोटे सैनिक मांडून, फासे टाकून खेळायची लढाई) खेळणाऱ्या कोणालाही विचारा की सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, तो सांगेल मिनिएचर, म्हणजे ते छोटे सैनिक, रंगवण्यात. खोटं आहे. सगळ्यात जास्त वेळ जातो लिस्ट बनवण्यात, बसमध्ये, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, रात्री झोप येत नसली की. लिस्ट म्हणजे काय तर समजा 2000 पॉइंटचा गेम आहे आणि प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटमध्ये ठरलेली आहे, तर त्या 2000 मध्ये कुठल्या तुकड्या घ्यायच्या, किती घ्यायच्या, कोणाला कुठला सरदार द्यायचा याचा हिशोब. आणि हा हिशोब करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे आर्मी बिल्डर.

मी मूळ जालन्याचा, सध्या नोकरीमुळे नॉटिंगहॅमला. वॉरहॅमर हा गाजलेला वॉरगेम बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय याच गावात, त्यामुळे इथे हा छंद लागला नाही तरच नवल. वॉरहॅमर 40000 ची दहावी आवृत्ती 2023 मध्ये आली, पॉइंटची पीडीएफ फुकट मिळते आणि ती दर काही महिन्यांनी बदलते, म्हणजे काल 2000 ला बरोबर बसलेली लिस्ट आज 2035 होते आणि मग एक तुकडी काढा, दुसरी घाला. कागदावर हे करणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून ॲप. कंपनीचं अधिकृत ॲप आहे, पण जुनी मंडळी वर्षानुवर्षं बॅटलस्क्राइब वापरायची आणि आता बरेच जण न्यू रिक्रूटवर आलेत. इन्फिनिटी नावाचा दुसरा गेम खेळणाऱ्यांना तर त्यांच्या कंपनीनेच फुकट बिल्डर दिलाय, ओल्ड वर्ल्डवाल्यांचा वेगळा, वन पेज रूल्सवाल्यांचा वेगळा. मी यातले बहुतेक वापरलेत, एकाने अपडेटनंतर माझ्या सगळ्या सेव्ह लिस्ट उडवल्या होत्या, नाव घेत नाही.

पण हा लेख त्या ॲपांच्या तुलनेबद्दल नाही. हा लेख आहे ज्या फौजेसाठी कुठल्याच ॲपमध्ये काही नव्हतं त्या फौजेबद्दल.

आमच्या क्लबमध्ये निम्मे लोक हिस्टॉरिकल खेळतात, नेपोलियन वगैरे, आणि त्यात असईची लढाई इथे भलतीच लाडकी आहे कारण तिथला इंग्रज सेनापती वेलस्ली (पुढे जाऊन वेलिंग्टन झाला तोच). 23 सप्टेंबर 1803, समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले. माझ्या मामाचं गाव भोकरदन, असई तिथून पुढे थोड्याच अंतरावर, लहानपणी बैलपोळ्याला गेलो की त्या बाजूला जाणं व्हायचं. आणि इथे एक रिटायर्ड शाळामास्तर (क्लबमध्ये सगळे त्यांना मास्तरच म्हणतात असं समजा) मला 28 मिलिमीटरच्या शिंद्यांच्या पलटणी दाखवतायत, लाल पगड्या, निळे कोट, एकेक गुंडी रंगवलेली. गेम ‘ब्लॅक पावडर’ या नियमपुस्तकाच्या नियमांनी, पॉइंट मात्र क्लबचे स्वतःचे, एका एक्सेल शीटमध्ये. ती शीट उघडली आणि माझं डोकं फिरलं. मराठा कवायती पायदळाला मोराल (मार सोसून टिकण्याचा आकडा) कमी, वरून ‘अनरिलायबल’चा, म्हणजे भरवशाचं नसल्याचा, शिक्का. मी म्हटलं हे मी नीट करून देतो, ॲपमध्येच बसवतो.

आता हे ॲप आतून कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. बॅटलस्क्राइबचा डेटा म्हणजे साध्या एक्सएमएल, म्हणजे मजकुराच्या, फाईली. एक असते .जीएसटी, त्यात गेमचे मूळ नियम: पॉइंट नावाची गोष्ट असते, पायदळ घोडदळ तोफखाना असे गट असतात. दुसरी .कॅट, त्यात एकेका फौजेच्या तुकड्या. प्रत्येक तुकडीला किंमत, प्रोफाइल (लढण्याचे आकडे) आणि कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती याची बंधनं. वॉरहॅमरच्या अशा फाईली जगभरचे हौशी लोक गिटहब या वेबसाइटवर सांभाळतात, फुकट, पॉइंट बदलले की दिवसात अपडेट, त्यांना खरंच दंडवत. न्यू रिक्रूट याच फाईली वाचतं आणि त्याचा एडिटर ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे मी तोच घेतला.

पायदळ सोपं गेलं. ब्लॅक पावडरमध्ये साध्या लाइन पलटणीला हँड टू हँड 6, शूटिंग 3, मोराल 4+ (फाशावर 4 किंवा वर आलं की मार वाचतो), स्टॅमिना 3 असं काहीसं असतं. शिंद्यांच्या नोकरीतला जर्मन अधिकारी पोलमन असईला फौज चालवत होता, मी त्याच्या पलटणींना तेच दिलं. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. मी सांगितलं की वेलस्लीने केळणा नदी ओलांडली ती शिंद्यांच्या डाव्या बाजूला, त्याला वाटलं होतं बाजूने आत शिरू, पण पोलमनच्या ओळीने समोर शत्रू असताना जागच्या जागी नव्वद अंशात तोंड फिरवलं आणि परत ओळ धरली. हे अनरिलायबल पायदळ करतं का? डी बॉयन या युरोपियन सेनानीने महादजी शिंद्यांसाठी उभ्या केलेल्या कंपूंची (कवायती ब्रिगेडींची) परंपरा ती. मास्तर म्हणाले मग हरले का. मी म्हटलं कारण दौलतराव आणि भोसले मैदानात नव्हते आणि युद्ध सुरू व्हायच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने शिंद्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना नोकरी सोडायला लावली होती, शिपाई नाही, वरचा कारभार ढिला होता. ते पटलं त्यांना. म्हणून पलटणी चांगल्या ठेवल्या आणि कमांडरचं रेटिंग उतरवलं: ब्लॅक पावडरमध्ये दोन फासे टाकायचे, बेरीज रेटिंगएवढी किंवा कमी आली तरच ऑर्डर पोचते. वेलस्लीला 9, पोलमनला 8, बाकी दोन ब्रिगेडच्या प्रमुखांना 7. त्यात सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणींची ब्रिगेड पण आली, तिचे मिनिएचर मास्तरांनी वेगळ्या रंगाचे केलेत.

तोफांपाशी पहिली खरी अडचण. मराठ्यांच्या तोफा शंभराच्या आसपास, लढाई संपल्यावर इंग्रजांच्या हाती 98 लागल्या. आणि गोलंदाज असे की इंग्रजांची ओळ अंगावरून पुढे गेली तेव्हा मेल्यासारखे पडून राहिले, आणि मग उठून त्याच तोफा मागून लावल्या. हा नियम घालायचाच होता, आम्ही त्याला ‘पडून राहा’ नाव दिलं, एका गेममध्ये एकदा, हरलेली बॅटरी परत उभी. पण अशी बॅटरी स्वस्त ठेवली तर कोणीही आठ बॅटऱ्या घेऊन बसेल आणि महाग ठेवली तर असईसारखं दिसणारच नाही. इथे बिल्डर कामाला आला. बॅटरीची कमाल संख्या शून्य ठेवली, त्यावर एक मॉडिफायर (आकडा बदलणारा नियम) लावला की फौजेतल्या दर दोन पलटणींमागे ती एकाने वाढव. एडिटरमध्ये याला रिपीट म्हणतात, ‘किती वेळा मोजायचं’ ते तिथे लिहायचं. आता सहा पलटणी घेतल्या की तीन बॅटऱ्या मिळतात, एक पलटण काढली की तिसऱ्या बॅटरीपाशी लाल अक्षरात एरर. हे पहिल्यांदा चाललं तेव्हा मी एकटाच खोलीत ‘हां!’ असं ओरडलो, शेजारचा पोलिश रूममेट दार वाजवून बघून गेला.

मग आलं घोडदळ आणि इथेच सगळं अडलं.

शिंदे-भोसल्यांचं घोडदळ तीस हजारांच्या वर होतं, आणि लढाईत त्याने जवळपास काही केलं नाही. मास्तरांचं म्हणणं, मग शून्य पॉइंट द्या. माझं म्हणणं, त्या घोडदळाचं काम ओळीवर चार्ज करणं नव्हतंच, रसद तोडणं, बाजारबुणगे लुटणं, पाठीवर बसणं हे काम, टेबलवर उभं करून तुम्ही त्याला चुकीच्या परीक्षेला बसवताय. असं बरंच बोलणं झालं, दोघंही हट्टी. तोडगा निघाला तो लढाईच्या नकाशावरूनच. वेलस्लीकडे म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ होतं, ते त्याने केळणेच्या दक्षिणेलाच ठेवलं, मराठा घोडदळाकडे लक्ष ठेवायला. म्हणजे शिंद्यांच्या स्वारांनी तलवार न चालवता शत्रूची केवढी तरी माणसं खेळाबाहेर बसवली! तर मग ठरलं: मराठा खेळाडूने ‘फिरती फौज’ विकत घेतली की ती टेबलवर येत नाही, पण इंग्रज खेळाडूला दक्षिण काठावर घोडदळ बसवून ठेवावंच लागतं.

ऐकायला छान. पण आर्मी बिल्डरला दुसऱ्याची लिस्ट दिसत नाही! तो एकाच खेळाडूचा हिशोब करतो. माझ्या लिस्टमधल्या गोष्टीने तुझ्या लिस्टमध्ये बंधन यावं हे त्याच्या डोक्यातच नाही.

यावर माझे बरेच दिवस गेले. शेवटी रस्ता असा काढला की एका रोस्टरमध्ये (म्हणजे ॲपमधल्या एका पूर्ण लिस्टमध्ये) एकापेक्षा जास्त फोर्स, म्हणजे फौजा, घालता येतात, ते वॉरहॅमरवाले मित्रफौजेसाठी वापरतात, मी त्यात शत्रूच घातला. एकाच रोस्टरमध्ये एक फोर्स शिंद्यांची, दुसरी कंपनीची. मग कंपनीच्या घोडदळावर कंडिशन लावली, स्कोप रोस्टर, म्हणजे अख्ख्या रोस्टरमध्ये कुठेही ‘फिरती फौज’ असली तर ‘दक्षिण काठ’ या एंट्रीची किमान संख्या शून्याची एक कर. चाललं. पण लगेच दुसरं लफडं, पॉइंटची मर्यादा अख्ख्या रोस्टरला एकच, दोघांची बेरीज एकत्र, म्हणजे मराठ्यांनी जास्त घेतलं तर इंग्रजांना कमी उरतात, म्हणजे हा काय भाऊबंदकीचा सातबारा झाला. तेव्हा पॉइंटचे दोन प्रकार केले, शिंदे पॉइंट आणि कंपनी पॉइंट, दोन्हीला वेगळी मर्यादा. प्रत्येक तुकडीला एकाच प्रकारची किंमत, दुसऱ्यात शून्य. वर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, लाल झाला की कोण हावरटपणा करतोय ते दोघांनाही कळतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने दोन प्रकारचे पॉइंट दिले ते भलत्याच कामासाठी असणार, पण इथे फिट्ट बसलं.

बारीकसारीक गोष्टीत मामाची मदत झाली. वेलस्लीला नदी ओलांडायची जागा सापडली ती कशी, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरुड, आणि त्याने ताडलं की मधे उतार असणारच, दोन गावं काय उगाच समोरासमोर वसतात. मास्तरांना टेबलवर नदी किती अडवणारी दाखवायची ते ठरत नव्हतं. मी मामाला फोन केला. मामा म्हणाला, ‘अरे भाच्या, सप्टेंबरात पाऊस किती झाला त्यावर आहे सगळं, उतार सोडून शहाणा माणूस केळणेत पाय घालत नाही, आणि तू नोकरी सोडून हे कसले उद्योग करतोयस?’ पहिल्या भागाचा नियम झाला: उताराबाहेर नदी ओलांडायची तर फासा टाकायचा आणि त्याआधी पावसाचा फासा टाकायचा. दुसऱ्या भागाचं मी काही बोललो नाही.

नावांचाही घोळ होता. इथल्या शीटमध्ये सगळीकडे सिंदिया. मी डेटा फाईलमध्ये शिंदे लिहिलं, रोमन लिपीत, कारण क्लबमधल्यांना वाचता यायला हवं. मास्तरांनी दोन-तीनदा सिंदिया म्हटलं, मग एक दिवस आपणहून शिंदे म्हणायला लागले.

लिस्ट शेवटी प्रिंट करून द्यावी लागते कारण क्लबमधले दोन-तीन जण फोनवर वाचायला तयार नाहीत, त्यात गैर काही नाही, टेबलवर फासे, टेप आणि चहाचे मग यांच्यात फोन ठेवायला जागा तरी कुठे असते. पहिल्या गेममध्ये मी शिंदे घेतले, फिरत्या फौजेवर पॉइंट घातले, आणि इंग्रजांच्या 74 व्या हायलँडर पलटणीला असई गावाकडे भरकटायला लावलं, खऱ्या लढाईतही ती तिकडेच जाऊन भयंकर मार खाऊन बसली होती. शेवटी एकोणिसाव्या ड्रॅगूनच्या घोडेस्वारांनी मला धुतलं ते सोडा. पण ‘पडून राहा’ वापरून दोन बॅटऱ्या मागून लावल्या तेव्हा मास्तर खुर्चीतून उठले होते.

सध्या आडगावची लढाई घालतोय, 29 नोव्हेंबर 1803, तिथे भोसल्यांची फौज जास्त येते आणि तिच्या पलटणींना कुठले आकडे द्यायचे यावर मास्तरांशी परत वाद सुरू आहे. त्यांची मागणी आहे मोराल 5+. मी अजून फाईल सेव्ह केलेली नाही.