बिरड्याचा रोजा कशासाठी, असं तुम्ही विचारलंत म्हणून

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आणि बिरड्याचा रोजा हा जेरुसलेमच्या पडलेल्या देवळासाठी धरायचा आमचा उपास. त्यात साबुदाणा चालत नाही. वरीचे तांदूळ, दाणे, खजूर, दूध, काहीच नाही. पाणीसुद्धा नाही. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, म्हणजे साधारण पंचवीस तास. श्रावणात ठाण्याला कुठले तारे दिसायला, म्हणून आम्ही घड्याळ बघून सोडतो. हे आधीच सांगून टाकते, कारण निम्मे प्रश्न इथेच मिटतात.

उरलेला मिटत नाही. बँकेत होते तेव्हा तो शेजारच्या काउंटरवरून यायचा, आता सोसायटीच्या जिन्यात येतो. विचारणाऱ्यांच्या मनात वाकडं काही नसतं, हे मला कळतं. "दोन हजार वर्षांपूर्वी, तेही परमुलखात पडलेल्या देवळासाठी तुम्ही अजून रडता? आणि तुमचे पूर्वज तर त्याच्या आधीच कोकणात आले होते ना?" हा दुसरा भाग हल्ली वाढलाय. लोक वाचून येतात.

तर आधी तारखा. आमच्या पूर्वजांचं अलिबागजवळच्या नवगावला फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, त्यांचे तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव, हे तुम्हाला पाठ आहे. आमच्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी हिशेब मांडला तो असा, की आपले लोक इसवी सनपूर्व 175 च्या सुमारास निघाले. जेरुसलेमचं दुसरं मंदिर रोमन फौजेने जाळलं ते इसवी सन 70 मध्ये. म्हणजे कथा खरी धरली तर मंदिर जळत होतं तेव्हा आम्ही अलिबागच्या आसपास घाणे फिरवत होतो. कबूल. पण त्याच्या आधीचं मंदिर बॅबिलोनच्या राजाने इसवी सनपूर्व 586 मध्ये पाडलं होतं, आणि त्याचा शोकही याच दिवशी, ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवव्या तारखेला करतात. ते दुःख गलबतात आमच्याबरोबर चढायला काय हरकत होती?

हा मुद्दा मी आजवर पुष्कळदा जिंकल्यासारखा मांडलाय. समोरचा गप्प होतो आणि मी जिना चढून घरी येते. घरी आल्यावर मात्र मला ठाऊक असतं, की गलबतात ते दुःख होतं याला पुरावा नाही. आमच्या लोकांना शेमा ही प्रार्थना आठवत होती, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, खवल्यांचेच मासे खायचे हे आठवत होतं. पुष्कळसे सण आणि रोजे दावीद रहाबी या बाहेरून आलेल्या ज्यू शिक्षकाने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी नव्याने शिकवले, असं आमचेच म्हातारे सांगत आले. तो रहाबी नक्की केव्हा आला यावर तर शतकांचा घोळ आहे. तेव्हा हे रडणं शिकवलेलं असू शकतं. शिकलो, आणि मग आपल्या पद्धतीने घरात घेतलं. तिशा बाव हे सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या, कॅलेंडरवर छापलेलं नाव. घरात बिरड्याचा रोजा. आधीचे आठ दिवस मटण-कोंबडी बंद, आणि रोजा धरण्याआधीचं शेवटचं जेवण आमच्या घरी जमिनीवर बसून, केळीच्या पानावर, भात आणि वालाचं बिरडं, सोबत उकडलेलं अंडं. मोड आलेले वाल सोलायचं काम पोरांचं. बहुतेक वर्षी हा दिवस श्रावण शुद्ध नवमीच्या आगेमागेच येतो, कारण महिने त्यांचेही चंद्राचे आणि आपलेही. त्यामुळे समोरच्या सीकेपी काकूंकडे श्रावणी सोमवारचं बिरडं आणि आमच्याकडे रोजाचं, असे वाल एकाच आठवड्यात दोन्ही घरांत भिजायचे. काकूंनी मात्र कधी काही विचारलं नाही. आमच्याकडे वाल जास्त भिजले की वाटीभर मागून न्यायच्या.

वीस-बावीस वर्षांची असताना मी हा रोजा सोडला होता. कॉलेजात होते, बरंच वाचत होते, आणि जेवायच्या वेळी वाद घालायला मला फार आवडायचं. पप्पांना म्हटलं, दगडांसाठी मी उपाशी राहणार नाही. मंदिर परत उभं राहिलं तर त्यात पशूंचे बळी द्यायचे, ते तरी तुम्हाला हवंय का? पप्पांनी उत्तर दिलं नाही. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, उपाशीपोटी कामावर जायचे आणि संध्याकाळी भिंतीला टेकून बसायचे. त्या वेळच्या माझ्या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही. बळी मला आजही नकोत. ती मुलगी आज समोर आली तर ती मला हरवेल, एवढं मी लिहून देते.

पण तिने तो आठवडा पाहिला नव्हता.

पप्पा गेले ते आव महिना लागल्यावर चारेक दिवसांनी. पाऊस असा, की कबरस्तानात खड्ड्यातलं पाणी आधी बादलीने उपसावं लागलं. भाऊ इस्राएलमध्ये, अश्दोदला. आमच्यात मयत ठेवत नाहीत, त्याच दिवशी पुरतात, त्यामुळे तो पोचण्याचा प्रश्नच नव्हता. तो तिकडे शिवा बसला, म्हणजे मयतीनंतरचे सात दिवस, आणि इकडे मम्मी आणि मी. जमिनीवर गादी, गळ्याशी फाडलेला कपडा, आरशांवर चादरी. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, त्यात उकडलेलं अंडं.

मुलाने कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची, तर मुलगा इथे नाही. कद्दिश चुलतभावाने म्हणायचं ठरलं. पण कद्दिशला दहा ज्यू पुरुष हजर लागतात. पहिल्या दोन संध्याकाळी घर भरलेलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी कल्याणकडच्या गाड्या बंद पडल्या आणि बैठकीच्या खोलीत नऊ जण येऊन बसले. नऊ. कुणी घड्याळाकडे बघतंय, कुणी मोबाईलवर कुणाला तरी "निघालात का" विचारतंय. मी स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसलेले. चाळिशी ओलांडलेली बाई, बँकेत अधिकारी, पप्पांची आंघोळ आणि औषधं शेवटची वर्षं मीच बघितलेली. खोलीत मोजायला आणखी एक माणूस हवा होता आणि मी तिथेच होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही, त्यांच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही डोक्यात ते रात्री आलं, हे जास्त वाईट.

तेवढ्यात शेजारचे काका आले. दार उघडंच होतं. त्यांना काय अडलंय ते समजलं असावं, कारण चपला बाहेर काढून ते आत आले आणि म्हणाले, "मी बसतो की. दहावा मी. चालेल ना?" पप्पांचे पत्त्यातले भिडू. डोक्यावर रुमालही टाकलेला होता त्यांनी. नऊ माणसं खाली बघायला लागली. शेवटी एका वडीलधाऱ्या अंकलनी त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि हळूच सांगितलं, की बसा, पण मोजता येणार नाही. काका म्हणाले, "बरं, बरं." आणि बसून राहिले. थोड्या वेळाने कद्दिश न म्हणताच सगळे उठले. मम्मीने विचारलं, "झालं?" मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या दिवसांत लोक भेटायला येत, आणि मला त्यांचा राग येई. दारातून आत येताना त्यांचा चेहरा बदलायचा. मी म्हणजे बघायची वस्तू झाले होते. "धीर धर", "त्यांचं सोनं झालं", "मम्मीकडे बघ आता". प्रत्येकजण चप्पल घालून परत आपल्या आयुष्यात जायचा आणि मी गादीवर.

मग नववी तारीख आली, शिवा चालू असतानाच. दुखवट्यातल्या माणसाने सात दिवस घराबाहेर पडायचं नसतं, पण त्या रात्री त्यानेही सिनेगॉगला यायचं. मला हे माहीत नव्हतं, हजानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, निरोप पाठवला तेव्हा समजलं. मम्मीला रिक्षात घालून टेंभी नाक्यापाशी आमच्या शार हाशामाइम सिनेगॉगला गेले. रस्त्यात गोविंदांचा सराव चाललेला, ढोल, शिट्ट्या, सातवा थर लागेना म्हणून ओरडा. आत दिवे मंद. हेखालचा, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटाचा, पडदा उतरवलेला. आणि सगळेच्या सगळे जमिनीवर. वर गॅलरीत बायकाही जमिनीवर. आम्ही आलो तर कुणी मान वर केली नाही, कुणी शालोम म्हणालं नाही, कारण त्या दिवशी कुणी कुणाला अभिवादन करायचंच नसतं. चामड्याची पादत्राणं कुणाच्या पायात नव्हती (पावसाळ्यात तशीही कोण घालतं), आंघोळ करून नटून कुणी आलेलं नव्हतं. त्या आठवड्यात माझ्यावर जे जे लादलं होतं ते सगळं त्या रात्री सगळ्यांवर होतं. दुरून कुणी पाहिलं असतं, तर यातल्या कुणाचा बाप परवा गेलाय हे त्याला ओळखता आलं नसतं.

हजानने विलापगीत, जेरुसलेमच्या नाशावरचं शोकाचं पुस्तक, वाचायला घेतलं. "पूर्वी गजबजलेली नगरी, आता कशी एकटी बसली आहे, विधवेसारखी." मम्मीने माझा हात दाबला. तिला हिब्रू समजत नाही, पण ती मराठी पुस्तकातून बोट ठेवून वाचत होती. बाहेर थर कोसळला असावा, मोठा हशा उठला. खाली त्या रात्री दहाच काय, पुष्कळ पुरुष होते. मुंबईहून, पनवेलहून माणसं आली होती, रोजासाठी. शेवटी चुलतभावाने कद्दिश म्हटलं आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. राहिलेल्याची भरपाई झाली का? धर्माच्या हिशेबात ती अशी होत नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली.

तेव्हापासून मी रोजा धरते. तुम्हाला उत्तर हवं होतं तर ते हे.

आता ती बावीस वर्षांची मुलगी काय म्हणेल तेही ऐका. ती म्हणेल, तू एका सबंध लोकांचा शोकदिन घरच्या दुखवट्यासाठी वापरलास. दोन मंदिरं, 135 मध्ये रोमनांनी पाडलेलं ज्यूंचं बेतार शहर, 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू, हे सगळं ज्या दिवसाच्या खात्यावर आहे, त्यावर तू पप्पांचं नाव लिहिलंस. शिवाय ज्यांनी तुला मोजलं नाही त्यांच्यातच जाऊन बसलीस आणि वर कृतज्ञ झालीस. पहिल्या आरोपावर मी तिच्याशी भांडते, प्रत्येकजण कुणाचं तरी नाव घेऊनच तिथे बसतो असं म्हणते. दुसऱ्यावर मला बोलता येत नाही.

धर्मग्रंथात शोधायला गेलं तर तुमचाच प्रश्न तिथे आधी विचारलेला सापडतो. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, बॅबिलोनहून परतलेले लोक दुसरं मंदिर बांधत असताना काही जण येऊन विचारतात, की इतकी वर्षं पाचव्या महिन्यात शोक करत आलो, तो पुढेही करायचा का? पाचवा महिना म्हणजे आवच. यावर हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतच नाही. उलट देव विचारतो, इतकी वर्षं उपास केलात तो माझ्यासाठी केलात का? आणि मग विधवा, अनाथ, परदेशी, गरीब यांना छळू नका म्हणतो. मला ही जागा आवडते, पण त्याचा आधार घेऊन उपास सोडताही येतो आणि धरताही येतो.

दुसरं मंदिर पडलं ते आपापसातल्या विनाकारण द्वेषापायी, असं तालमूद हा आमचा जुना धर्मग्रंथ सांगतो. हे मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला जेरुसलेममधलं बेने इस्राएलांचं धरणं आठवतं. 1960 नंतरच्या त्या वर्षांत तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आमच्या लोकांची लग्नं लावण्याआधी वंशावळी तपासायला सांगितल्या होत्या. 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करावा लागला, की हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत. मंदिर पडायची कारणं शोधायला फार जुन्या काळात जावं लागत नाही.

आणि हल्ली जिन्यात एक नवीन प्रश्न येतो, गाझाचं नाव घेऊन. कधी टोमणा म्हणून, कधी खरोखर. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात तान्ह्या बाळांची जीभ तहानेने टाळूला चिकटते, मुलं भाकर मागतात आणि कुणी मोडून देत नाही. ती ओळ वाचताना मला एकाच बाजूची मुलं दिसत नाहीत. एवढंच म्हणते, आणि एवढ्यावरही माझा भाऊ माझ्याशी बोलेनासा होतो.

त्याच्याशी माझं आणखी एक भांडण आहे. रोजाच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत एक भाग वाढवतात, त्यात जेरुसलेमला उद्ध्वस्त, तुच्छ लेखलेली, ओसाड नगरी म्हणायचं असतं. 1967 च्या युद्धात सगळं जेरुसलेम इस्राएलकडे आल्यावर काही रब्बींनी ते शब्द बदलले, ती नगरी आता ओसाड कुठे आहे म्हणून. भावाचं म्हणणं तेच. त्याने मला जेरुसलेममधल्या ट्रॅफिक जॅमचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ही बघ तुझी ओसाड नगरी, जुने शब्द वाचून देवासमोर खोटं बोलू नकोस. मी म्हटलं, गाड्या दिसतात म्हणजे भरलेलंच असतं असं तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, तू ठाण्यात बसून हे बोलतेस. मी म्हटलं, पप्पा ठाण्यातच गेले. मग दोघंही बराच वेळ ओरडलो, दोघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. फोन ठेवताना तो शालोम म्हणाला नाही, मीही नाही. त्या दिवशी तसंही म्हणायचं नसतं, त्यामुळे आम्ही भांडून ठेवला की नियम पाळला, ते त्यालाही कळलं नसणार.