पुड्याची पाठ

माझी भाची सध्या आमच्याकडे नौपाड्यात राहते. वय २३, नोकरी वागळे इस्टेटला. काहीही खायचं आणलं की आधी पुडा उलटा करते. मला याचं फार कौतुक. मी आयुष्यभर पुड्याची पाठ पाहिली ती तारखेपुरती, आणि आईने हिरव्या ठिपक्यापुरती.

हे कौतुक गेल्या रविवारपर्यंत टिकलं. तिने मल्टिग्रेन बिस्किटं आणली होती. वर गव्हाच्या लोंब्या, मातकट रंग. नुसतं बघूनच तब्येत सुधारावी. "मावशी, साखर फक्त साडेपाच ग्रॅम!" चष्मा लावून मीही वाचलं. साडेपाच खरे, पण एका सर्व्हिंगला, आणि सर्व्हिंग म्हणजे २५ ग्रॅम, तीन बिस्किटं. शेजारच्या रकान्यात १०० ग्रॅमला २२. चहाबरोबर तीनवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तोवर आम्ही दोघींनी मिळून आठ संपवली होती, म्हणजे साखरेचे साधारण साडेतीन चमचे.

मग घटकांची यादी. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, हे तिला माहीतच नव्हतं. जीएसटीचे रिटर्न भरणारी मुलगी! पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. पुड्यावर मिरवणारे ओट्स पार खाली, ४ टक्के, मिठाच्या शेजारी. ती मात्र ५०३ या आकड्यावर अडली होती. "केमिकल आहे ना हे?" अगं, ते बिस्किट फुगवणारं अमोनियम बायकार्बोनेट. ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक आम्ल. आकडा दिसला की ही पोरं दचकतात, आणि साखर हा रोजचा शब्द दुसऱ्या क्रमांकावर बसलेला असतो तो दिसत नाही.

मीही काही आईच्या पोटातून हे शिकून आले नाही. बीपी निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दिवसाला पाच ग्रॅमच मीठ. घरी येऊन पापडाचा पुडा पाहिला, तर मीठ किती ते कुठेच नाही, नुसतं सोडियम. त्याला अडीचने गुणायचं, हे कळेपर्यंत मी दोन महिने मजेत पापड खाल्ले.

संध्याकाळी तलावपाळीला निघालो. भाचीने जाहीर केलं, आजपासून पुडे बंद, सुटंच घ्यायचं. वाटेतल्या फरसाणवाल्याकडे चकली ताजी होती. "काका, यात काय काय आहे?"

"चकली आहे."

"म्हणजे घटक?"

"भाजणी. तिखट. मीठ. खाऊन बघ की." त्यांनी एक तुकडा तिच्या हातावर ठेवला.

ती चावता चावता टाचा उंचावून काउंटरमागे बघत होती. तिथे कढईजवळ तेलाचा पंधरा किलोचा डबा होता, त्यावरची चिठ्ठी भिंतीकडे. "काका, तो डबा जरा फिरवता?" काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पायानेच डबा फिरवला.

"पामोलिन," ती माझ्या कानात म्हणाली.

"किती देऊ?" काकांनी विचारलं.

"पाव किलो," तीच म्हणाली. तलावपाळीला पोचेपर्यंत पिशवीत निम्मी उरली होती.