दारावरची पाटी

निवारा केंद्रातली माझी पाळी संध्याकाळी सहाला सुरू होते आणि पहिले तीन तास मान वर करायला फुरसत नसते. शहर मोठं, खाटा मोजक्या. आत येणाऱ्याची आधी दारात पिशवी तपासतात. मग माझ्या टेबलावर नाव, खाटेचा नंबर, लॉकरची किल्ली. पुढे आंघोळ, जेवण. ज्यांना पत्रं यायची असतात त्यांच्यासाठी आमचाच पत्ता. कागदपत्रांसाठी एक समाजसेविका रोज बसते, आणि ओळखपत्र हरवलेल्या माणसाचं कुठे कुठे अडतं हे तिच्या टेबलाजवळ तासभर बसलं की कळतं. पण त्या रात्रीचं सगळं दारातल्या तपासणीमुळे घडलं.

थंडी कडाक्याची होती, रांग नेहमीपेक्षा लांब. साडेआठच्या सुमारास साठीतले एक काका माझ्यासमोर आले. नाव विचारलं तर आडनाव तेवढं सांगितलं, तेही जड जिभेने. सही करायला पेन उचलायला गेले आणि दोनदा हात भलतीकडेच पडला. तोंडाला दारूचा वास होता. सिक्युरिटीचा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, हे पिऊन आलेत. मागच्या हॉलमध्ये नेऊ का?"

पिऊन आलेल्यांसाठी मागे वेगळा हॉल आहे. जमिनीवर गाद्या असतात, आणि तिथे झोपलेल्याला सकाळपर्यंत कुणी उठवत नाही. मी मान डोलावली. फॉर्मवर तशी खूणसुद्धा केली.

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आजी नेहमीच्या होत्या, फारसं न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "पोरी, जरा नीट बघ. एवढ्या थंडीत ह्याचा सदरा भिजलाय."

खरंच, कॉलर ओलीचिंब होती. कपाळावर घामाचे टपोरे थेंब. मी हात धरला तर तो गार पडलेला आणि थरथरत होता. काकांनी तो झटकला. "लावू नका हात!"

साखर उतरलेला माणूस थेट प्यायलेल्यासारखा दिसतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे. बोलणं अडखळतं, तोल जातो, आणि मदत करणाऱ्यावरच तो चिडतो. मला हे ठाऊक होतं, तरी मी वासावर गेले.

नर्स आठलाच घरी गेलेली. तिच्या कपाटातून ग्लुकोमीटर काढला, आजींनी काकांचा हात धरून ठेवला, मी बोटाला टोचलं. यंत्रावर आकडा आला 38. साखर 70 च्या खाली गेली की कमी, आणि 54 च्या खाली म्हणजे धोका. मुलाला रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं. काका जागे होते, पाण्याचा घोट नीट गिळत होते, म्हणून पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून दिली. शुद्ध हरपली असती तर तेही देता आलं नसतं, कारण पाणी श्वासनलिकेत जातं. त्यानंतर 15 मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. ती 15 मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढली. 61. परत एक पेला. 94.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्हाला फार त्रास दिला का हो मी?"

"नाही काका. इन्सुलिन घेता ना? कधी घेतलंत?"

"रांगेत लागायच्या आधी. पावणेसातला."

"बाहेर? रस्त्यावर?"

"आत सुया नेऊ देत नाही तुम्ही."

दारावर आमची पाटी आहे: धारदार वस्तू व सुया आत आणण्यास मनाई. ती उगाच लावलेली नाही. गादीखाली राहिलेली सुई सफाईवाल्या बाईंच्या हातात घुसलेली मी पाहिली आहे. पण औषधांसाठी नर्सच्या खोलीत फ्रीज आहे, इन्सुलिन आणि सुया तिथे ठेवता येतात, हे पाटीवर कुठेही नव्हतं. काका रोज दिवसभर पायपीट करायचे, संध्याकाळी बाहेर टोचून घ्यायचे आणि इन्सुलिनचं पेन सदऱ्याच्या आत शिवलेल्या खिशात, अंगाला लावून ठेवायचे, कारण इन्सुलिन गोठलं की वाया जातं. एरवी सातपर्यंत ताट समोर यायचं. त्या दिवशी रांग हललीच नाही. जेवणाआधी घ्यायचं त्यांचं इन्सुलिन पंधरा मिनिटांत काम सुरू करतं, ते जेवणाची वाट बघत नाही. त्यात गारठा घालवायला त्यांनी दोन घोट घेतलेले. पोटात अन्न नसताना दारू पडली की यकृताला नवी साखर करता येत नाही. म्हणजे ज्या वासाने मी फसले, त्याच दारूने साखर आणखी उतरली होती.

रुग्णवाहिका आली तेव्हा काका जेवत होते. दवाखान्यात चला म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "दहाला खाट दुसऱ्याला देतात." तोही आमचाच नियम. मी फळ्यावर त्यांच्या खाटेसमोर 'राखीव' लिहून दाखवलं, तरी ते उठेनात. त्या लोकांनी तपासलं, रात्री पुन्हा साखर मोजायला सांगितलं. मी बाराला आणि तीनला त्यांना उठवून मोजली. मागच्या हॉलमध्ये सकाळी सहाला दिवे लागतात. तोवर त्यांना कुणी हलवलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांच्या समोर बसले आणि हो म्हणेपर्यंत उठले नाही. रात्री फ्रीजची किल्ली माझ्या टेबलावर, इन्सुलिनवाल्यांना रांगेशिवाय आधी जेवण. नवी पाटी यायला तीन आठवडे लागणार होते, म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून जुन्या पाटीखाली चिकटवलं: इन्सुलिन व त्याच्या सुया काउंटरवर द्या, जपून ठेवू.

त्या संध्याकाळी काकांच्या मागून आणखी चौघांनी आतल्या खिशातून पेन काढून माझ्या टेबलावर ठेवले. त्यांतले दोघे वर्षभरापासून आमच्याकडे झोपायला येत होते.