दाट पेरलेल्या मोहरीचा हिशेब : माझा अनुभव

वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी मोहरी निवडली, कारण ती लवकर उगवते, बियाणे स्वस्त मिळते आणि कितीही दाट पेरली तरी निमूटपणे वर येते. ठरावीक जागेतील रोपांची संख्या वाढवत नेली, तर एकेका रोपाचे वजन किती घटते आणि त्यांतील किती रोपे तगतात, हे मला पाहायचे होते. चौरस मीटरला शंभरापासून दहा हजारांपर्यंत बिया पडतील अशा बेताने मी सारख्या मापाच्या वाफ्यांत पेरणी केली आणि खत-पाणी सगळीकडे समान ठेवले.

खरे जिकिरीचे काम मोजणीचे होते. मेलेले रोपटे थोड्याच दिवसांत कुजून मातीत मिसळते, त्यामुळे मोजणीत खंड पडून चालत नाही. शिवाय दाट वाफ्यांत ओल टिकत असल्याने बुंध्याशी कुजवणारा मर रोगही तेथेच लवकर पसरतो. तेव्हा सावलीने खुरटून मेलेली रोपे आणि बुरशीने कोलमडलेली रोपे यांची नोंद मी वेगळी ठेवली. काठावरच्या रोपांना बाजूने उजेड मिळून ती पोसतात, म्हणून ती हिशेबातून वगळली. उगवण्याच्या क्रमानुसार रोपांना निरनिराळ्या रंगांचे दोरे बांधले होते, आणि या दोऱ्यांनीच मला सर्वांत जास्त शिकवले: एक-दोन दिवस आधी उगवलेली रोपे उजेड अडवून बसतात, मागाहून आलेली त्यांच्या सावलीत राहतात आणि तफावत दररोज वाढत जाते. अशा वाफ्याचे सरासरी वजन सांगणे मला जवळजवळ निरर्थक वाटते, कारण त्यात मोजकी दांडगी आणि असंख्य किरकोळ रोपे असतात.

ओव्हनमध्ये वाळवून वजने घेतल्यावर सुरुवातीच्या कापणीत विरळ वाफे मागे दिसले, पण पुढच्या कापण्यांत बहुतेक वाफ्यांचे एकूण शुष्क वजन जवळपास सारखे आले. वनस्पतिशास्त्रज्ञ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये 1950च्या दशकात मांडलेला स्थिर अंतिम उत्पादनाचा नियम तो हाच.

मरणाचा हिशेब लॉग आलेखावर, म्हणजे ज्याच्या अक्षांवर दर पायरीला आकडा दसपट होतो अशा आलेखावर, मांडावा लागतो. योडा व सहकाऱ्यांनी 1963 साली दाखवले की, गर्दीने रोपे मरू लागली की सरासरी वजन आणि घनता (ठरावीक जागेतील जिवंत रोपांची संख्या) यांचा बिंदू उणे तीन-द्वितीयांश उताराच्या रेषेवरून सरकतो. वजन लांबीच्या घनाप्रमाणे आणि व्यापलेली जागा वर्गाप्रमाणे वाढते, हे त्यामागचे भूमितीय कारण. म्हणजे संख्या जितक्या पटीने घटते त्याहून जास्त पटीने उरलेल्या रोपांचे सरासरी वजन वाढते, आणि रोपे मरत असतानाही वाफ्यातील एकूण वजन वाढतच असते. एन्क्विस्ट व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये रसवाहिन्यांच्या जाळ्यावरून हा उतार उणे चार-तृतीयांश असावा असे मांडले. माझ्या मोजक्या बिंदूंवरून या दोहोंत निवाडा करणे शक्य नव्हते आणि तसे मी प्रबंधात लिहिले. विरळ वाफ्यांचे बिंदू तर त्या रेषेपर्यंत पोहोचलेच नाहीत, कारण त्याआधीच मोहरी फुलून शेंगांवर आली.