देठ नसलेलं फूल

१९८४ च्या जूनमध्ये मी आठवीत गेले. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. चार दिवस धरून असलेल्या पावसाने जरा उघडीप दिली होती. शाळेमागच्या देवरहाटीत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, दगडी गडग्याच्या पलीकडे, किंजळीच्या बुंध्याशी मला एक पिवळं फूल दिसलं. चार आण्याच्या नाण्याएवढं, सहा पाकळ्यांचं, कुजक्या पाल्यातून जेमतेम वर आलेलं. मी ते खुडलं आणि आमच्या शास्त्राच्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "बाई, फोडशीचं फूल!"

त्या दिवसांत आमच्याकडे एक दिवसाआड फोडशीची भाजी असायची. आई सकाळीच रानात जाऊन ओटीभर पानं खुडून आणायची. त्यामुळे फोडशी मला कुणी शिकवायला नको, अशी माझी खात्री होती. गवतासारखी लांब हिरवी पाती दिसली की झाली फोडशी.

बाई चूकही म्हणाल्या नाहीत आणि बरोबरही म्हणाल्या नाहीत. "पान बघितलंस का नीट?" एवढंच विचारलं. मधल्या सुट्टीत निऱ्या खोचून त्या स्वतः गडगा ओलांडून आल्या आणि ओल्या पाल्यात उकिडव्या बसल्या. मागोमाग आमचा अर्धा वर्ग.

"डोळे मिट आणि पान चाचपून सांग," त्या म्हणाल्या. पानाला उभ्या चुण्या होत्या, कागदाचा पंखा करताना आपण घड्या घालतो तशा. अंगावर विरळ लव लागत होती. फोडशीचं पान असं नसतं, ते गुळगुळीत असतं, हे बोटांना आधी कळलं, मला नंतर. "बाई, हे रुजत घातलेल्या नारळाच्या पहिल्या पानासारखं लागतंय." बाई हसल्या. "हे लिही वहीत."

मग त्यांनी माझं खुडलेलं फूल तळहातावर घेतलं. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधे कुक्षी. पाकळ्यांच्या पाठीवर पांढरे केस. "सगळं आहे, पण अंडाशय कुठे आहे?" आम्ही फूल उलटंसुलटं करून पाहिलं. नव्हतंच. फोडशीच्या फुलात ते पाकळ्यांच्या मधोमध हिरव्या गोळीसारखं बसलेलं असतं. इथे पाकळ्यांखाली नुसता बारीक देठ, तोही अर्ध्यात तुटलेला.

शेजारच्या रोपाला दुसरं फूल होतं. त्याला धक्का न लावता बाईंनी काडीने माती उकरायला सांगितली. देठ पानांच्या बेचक्यात शिरला आणि थेट मातीत गेला. तिथे खाली, पांढुरक्या आवरणात दडलेलं अंडाशय सापडलं. आम्ही ज्याला देठ म्हणत होतो तो देठ नव्हताच, अंडाशयाची लांब मान होती. फूल वर उमलतं आणि फळ मातीच्या कुशीत धरतं. म्हणजे मी फूल खुडून आणलंच नव्हतं, त्याचा वरचा तुकडा तोडून आणला होता. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. बाई रागावल्या नाहीत. माती होती तशी लोटून ठेवायला लावली.

नाव मात्र त्यांनी चार दिवस सांगितलं नाही. वहीत चित्र पूर्ण झालं तेव्हा सांगितलं : काळी मुसळी. कंद मुसळासारखा सरळ खाली जातो म्हणून मुसळी, संस्कृतात तालमूली. फोडशी ही पांढऱ्या मुसळीच्या गोतातली. दोघींच्या नावात मुसळी असली तरी कुळं निराळी. शास्त्रीय नाव कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस. लॅटिनमध्ये कुर्कुलिओ म्हणजे धान्यात होतो तो सोंडकिडा. त्या किड्याचा फुलाशी काय संबंध, ते श्रावणात कळलं. त्याच जागी पुन्हा माती उकरली तेव्हा काळ्याभोर, चकचकीत बिया निघाल्या आणि बीच्या टोकाला खरोखरच सोंडेसारखी चोच होती!

पुढे बँकेच्या बदलीने त्रिशूरला तीन वर्षं काढली. तिकडच्या कर्कटक महिन्यात, ऐन पावसाळ्यात, शेजारच्या अम्मांनी दशपुष्पांची, म्हणजे तिथे पवित्र मानलेल्या दहा वनस्पतींची, जुडी दाखवली. त्यात चुण्यांची ती पानं दिसली आणि नाव विचारायच्या आधीच माझा हात पानावरून फिरला. "निलप्पना," त्या म्हणाल्या. निलम म्हणजे जमीन, पना म्हणजे ताड. आमच्या बाईंच्या देवरहाटीत मला माड आठवला होता, केरळात कुणाला तरी ताड आठवला. त्या रात्री मी बाईंना लांबलचक पत्र लिहिलं.

सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीसाठी गेल्या जूनमध्ये शाळेत आले तेव्हा देवरहाटीत जाऊन आले. औषधासाठी कंद खणून नेतात आणि कंद गेला की रोपच जातं, त्यामुळे मनात धाकधूक होती. किंजळ आता नाही, पण तिच्या जागेपासून डावीकडे, जांभ्याच्या मोठ्या दगडाच्या सावलीत मी अकरा रोपं मोजली. आत्ताच्या मुलांनी पहिला पाऊस स्थिरावला की सकाळच्या वेळी तिथे जरूर जावं. फूल खुडू नका, वाकून बघा. एखाद्या पानाचं टोक जमिनीला टेकलं असेल तर ते हलकेच उचला. कधी कधी तिथे मुळं फुटून नवं पिल्लू धरलेलं असतं. बघून झालं की पान परत तसंच टेकवून ठेवा.