पुठ्ठ्याचे तिकीट आणि पितळी कंदील

रेल्वेच्या जुन्या वस्तू जमवण्याची सुरुवात पुठ्ठ्याच्या तिकिटापासून करावी, असे माझे मत आहे. सुमारे 57 बाय 30 मिलिमीटरचे हे तिकीट थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराच्या कल्पनेतून एकोणिसाव्या शतकात आले. त्यावरील अनुक्रमांक, स्थानकांची नावे, वर्ग आणि यंत्राने उमटवलेली तारीख वाचता येऊ लागली, की एका इवल्याशा तुकड्यातून त्या प्रवासाची बरीच माहिती हाती लागते. शिवाय ते ठेवायला जागा लागत नाही, ही घरच्यांच्या दृष्टीने मोठीच सोय!

कंदील, बिल्ले आणि पितळी घंटा यांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1951 मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, त्यामुळे ‘जीआयपी’ ही अक्षरे जुनेपणाची खूण मानली जातात आणि नेमकी तीच नव्या पितळेवर ठोकून वस्तू विकल्या जातात. मीही मुंबईच्या चोरबाजारात असा एक कंदील घेऊन फसलो आहे. अस्सल वस्तूची झीज हाताळणीच्या जागी, म्हणजे कडी, बिजागरी आणि कडांवर असते. सर्वत्र सारखा काळपटपणा दिसला, तर तो बहुधा मुद्दाम आणलेला असतो.

नजर तयार करण्यासाठी दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधील वारसा दालन आधी निवांत पाहावे आणि मगच पाकीट उघडावे.