सी.ए. रिपोर्टमधली एक ओळ आणि माझा अडकलेला क्लेम

वर्कशॉप जळाल्याचं दुःख ओसरलं. पण विमा कंपनीच्या टेबलावर एका ओळीने माझी फाइल अडवून धरली, तो राग अजून जात नाही. सी.ए. म्हणजे केमिकल अॅनालायझर, राखेचे नमुने तपासणारी सरकारी प्रयोगशाळा. तिच्या रिपोर्टमधली ओळ अशी: ‘मुद्देमाल (म्हणजे नमुना) क्र. 2 मध्ये पेट्रोलियम हायड्रोकार्बनचे अंश आढळले.’

मी सोफे बनवतो. आत फोम, रेक्झिन, प्लायवूड, चिकटवायचं सोल्युशन, पॉलिशला लागणारं थिनर. रात्री आग लागली, बंब आला, पोलिसांत ‘अकस्मात जळीत’ अशी नोंद झाली, पंचनामा झाला, सर्व्हेअर फोटो काढून गेले. इथपर्यंत माझी कुणाबद्दल तक्रार नाही. गर्दीतलं कुणीतरी ‘लावली असणार’ म्हणालं आणि तपासी अंमलदारांनी राखेचे तीन नमुने घेऊन, लाखेचं सील मारून प्रयोगशाळेत पाठवले. मग वाट बघणं. प्रयोगशाळेत स्वतः फोन करून उपयोग नाही, ती पोलिसांना किंवा कोर्टाला उत्तर देते. पोलीस ठाण्याच्या पत्राचा जावक क्रमांक तेवढा लिहून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच चालते.

रिपोर्ट आला आणि क्लेम बघणारे अधिकारी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “अहो, पेट्रोलियम आलंय ना त्यात. म्हणजे ओतलंय कुणीतरी.”

“साहेब, थिनरचे डबे होते तिथे.”

“ते तुम्ही आत्ता सांगताय.”

या वाक्यावर फाइल बसली ती बसलीच. प्रत्येक वेळी गेलो की तेच: “वरून अभिप्राय मागवलाय.” कुणी थेट म्हणत नव्हतं की तुम्हीच लावलीत, पण चहा विचारणं बंद झालं होतं.

शेवटी ओळखीतून एक निवृत्त रसायनशास्त्रज्ञ भेटले. सरांनी रिपोर्ट वाचून तीन प्रश्न विचारले. नेमका कोणता द्रव? नमुना खोलीत कुठून उचलला? तुलनेसाठी न जळालेला नमुना पाठवला होता का? तिन्हींची उत्तरं रिपोर्टमध्ये नव्हती, पंचनाम्यातही नव्हती. पंचनाम्यात क्रमांक 2 बद्दल एवढंच: ‘खोलीच्या मध्यभागावरून’. त्या मध्यभागी माझा थिनरचा रॅक होता!

मग त्यांनी तपासणी कशी होते ते समजावलं. रूढ पद्धतींपैकी एकीत राखेच्या बंद डब्यात कोळशाची पट्टी टांगतात आणि डबा 60 ते 80 अंशांवर 16 तासांच्या आसपास ठेवतात. फ्रिजमध्ये वासासाठी कोळसा ठेवतात तसंच, वाफ पट्टीत शोषली जाते. पट्टीवरचं ते द्रावकात उतरवून जीसी-एमएस (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) यंत्रात घालतात. यंत्र घटक वेगळे करतं आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. खरी ओळख त्या रांगेच्या ठेवणीत असते. रॉकेलमध्ये साधारण 9 ते 17 कार्बनच्या सरळ साखळ्यांची शिखरं ठरावीक अंतराने येतात, मधली उंच, दोन्हीकडची उतरती. पेट्रोलमध्ये टोल्युइन, झायलीन आणि त्यांच्याच जातीतल्या, पण त्यांच्याहून जड अल्किलबेंझिनांचे गट ठरलेल्या प्रमाणात दिसतात, पुढे नॅफ्थलीनची मंडळी. आगीत हलके घटक उडून जातात, त्यामुळे रांग जड बाजूला झुकते, पण जड गटांची ठेवण बरीचशी टिकते.

थिनरमध्येही टोल्युइन-झायलीन असतं, पण त्या जड गटांची पेट्रोलसारखी रांग नसते. आणि फोम, रेक्झिन, प्लास्टिक जळताना स्वतःच बेंझिन, टोल्युइन, स्टायरीन सोडतात. म्हणजे माझ्या वर्कशॉपच्या राखेत असलं काहीच सापडलं नसतं, तरच नवल. ‘पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ एवढंच लिहिलं की पेट्रोल, रॉकेल, थिनर सगळं त्यात मावतं, आणि विमावाल्यांना त्यातलं फक्त पेट्रोल दिसत होतं.

टेक्सासमधलं एक प्रकरण सरांनी तेव्हाच सांगितलं. 1991 मध्ये कॉर्सिकाना गावात कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या घराला आग लागली आणि त्याच्या तीन लहान मुली गेल्या. ज्वलनशील द्रवाचा पक्का अंश सापडला तो फक्त पुढच्या दाराशी, आणि तिथे कोळशाची शेगडी व ती पेटवायचं द्रव असायचं. आगीआधीच्या फोटोत शेगडी दिसते. तरी त्याला 2004 मध्ये मृत्युदंड दिला गेला. पुढे अग्नितज्ज्ञांनी त्या तपासावर कडक टीका केली.

फोटो म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या एका अर्धवट सोफ्याच्या फोटोत मागे रॅक आणि थिनरचे डबे स्वच्छ दिसत होते, तारखेसकट. तो फोटो, थिनर-सोल्युशनची जीएसटी बिलं आणि ‘पेट्रोल, रॉकेल, डिझेल की इतर द्रावक, हे स्पष्ट व्हावं’ असा अर्ज पोलीस ठाण्यात दिला. अंमलदार भले निघाले, त्यांनी पत्र पाठवलं. गोदामातला न जळालेला फोम आणि रेक्झिनही रीतसर पंचनामा करून तुलनेसाठी गेले.

उत्तर आलं: पेट्रोल, रॉकेल, डिझेलशी जुळत नाही, टोल्युइन-झायलीनयुक्त द्रावकाशी सुसंगत. मी तो कागद घेऊन टेबलासमोर उभा राहिलो आणि, खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. साहेबांनी तरीही “आगीचं नेमकं कारण कुठे कळलंय?” काढलंच. तेव्हा वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल जोडला. कर्नाटकातल्या शीतगृहाच्या आगीचं ते प्रकरण. विमाधारकाने स्वतः आग लावली नसेल, तर ती नेमकी कशाने लागली हा प्रश्न गौण ठरतो, असं त्यात म्हटलं आहे. त्यानंतर घसारा आणि भंगाराची किंमत वजा होऊन पैसे आले.

आता सुचतील तशा गोष्टी सांगतो. नमुने साध्या प्लास्टिक पिशवीत भरत असतील तर हात जोडून थांबवा. पॉलिथिनमधून वाफ बाहेरही जाते आणि शेजारच्या पिशवीतली आतही येते. घट्ट झाकणाचा नवा, कोरा पत्र्याचा डबा हवा. रंगाचा जुना डबा धुऊन चालत नाही. माझे तिन्ही नमुने साध्या पिशव्यांत, एकाच गोणीत गेले होते.

ज्यांचं दुकान खरंच कुणी पेटवलंय त्यांनी फरशीच्या भेगा, उंबऱ्याखालची जागा, न जळालेल्या गालिच्याची कड दाखवून द्यावी. द्रव तिथे मुरतो. मातीचा नमुना असेल तर तो थंड ठेवून लवकर पाठवायला सांगा, मातीतले जंतू हायड्रोकार्बन खाऊन टाकतात. आणि ‘काही आढळले नाही’ असा रिपोर्ट आला तरी काही ओतलंच नव्हतं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येण्याची तरतूद आहे. ती राबवायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ‘अकस्मात जळीत’ हा गुन्हाच नसल्याने तिथे तज्ज्ञ येईलच असं नाही. म्हणून नमुना नेमका कुठून उचलला, ते भिंतीपासूनच्या अंतरासह पंचनाम्यात लिहून घ्या. आग विझवताना पेट्रोलवर चालणारा पंप किंवा जनरेटर आत आणला असेल, तर तेही लिहायला लावा.